जेवण, झोप, दूध मार्गे

मावशी कुणाच्या कानात काही सांगायला लागल्या की शेजारच्या खोलीतलं माणूस उत्तर द्यायचं. हे त्या स्वतःच सांगत, आणि सांगतानाही ते शेजारच्या खोलीत ऐकू जात असे. अशा बाईने पाळणाघरात शांत वातावरण तयार करण्याचं काम अंगावर घ्यावं, याला काय म्हणायचं ते ज्याने त्याने ठरवावं. मावशींचं मत पक्कं होतं. याला म्हणायचं अक्कल गहाण टाकणं.

त्याआधीची उमेदीची सगळी वर्षं त्यांनी बसस्थानकावर काढली होती. काचेची एक केबिन, एक स्टूल, एक कुरकुरणारा पंखा आणि समोर माइक. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठल्या मार्गे जाणार, कुठली उशिरा येणार, हे सगळं गावाला मावशी सांगायच्या. वीज गेली तर माइक बंद पडायचा, मावशी नाही. ड्रायव्हर लोकांनी त्यांचं नाव 'भोंगा' ठेवलं होतं आणि मावशींना त्याचं कधी वाईट वाटलं नाही. उलट घरी आल्यावर नवऱ्याला सांगायच्या, "आज भोंग्याने तीन म्हाताऱ्यांना चुकीच्या गाडीतून उतरवलं."

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. खिडकीपाशी टेबल, डोळ्याला भिंग, पायांत हिवाळा असो उन्हाळा असो मोजे, कारण त्याचे पाय कायम गार असायचे. दिवसाकाठी तो मोजून दहा वाक्यं बोलत असेल. मावशी म्हणायच्या, आमच्या घरात बोलण्याची वाटणी झाली तेव्हा हे बाहेर गेले होते.

मग एका सकाळी मावशी नेहमीप्रमाणे कामावर गेल्या, तर कर्ण्यातून कुणीतरी दुसरीच बाई बोलत होती. गोड, तरुण, एकही श्वास न घेता. मावशींना आधी वाटलं, बदलीवर कुणी मुलगी आली असेल. त्या केबिनच्या दाराशी गेल्या आणि कुलपात किल्ली घालून झटू लागल्या. किल्ली लागेना. त्यांनी किल्ली पदराला पुसली, फुंकर मारली, कुलूप हलवून पाहिलं, दाराला गुडघा लावून पाहिला. येणारे-जाणारे ड्रायव्हर बघत होते आणि मान खाली घालून पुढे जात होते. कुलूप नवीन होतं आणि आत माणूस नव्हतंच, यंत्र होतं. हे आठवडाभर आधीपासून सगळ्यांना माहीत होतं. साहेबांनी, कारकुनांनी कोपऱ्याकोपऱ्यात कुजबुज केली होती की कळेलच हळूहळू. शेवटी झाडूवाल्याला दया आली आणि त्याने सांगितलं.

निरोपाला त्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. नवऱ्याने ते उघडून पाहिलं आणि म्हणाला, "चालेल वर्षभर." त्या दिवसाचं ते त्याचं एकमेव वाक्य.

पुढचे काही महिने मावशी घरात येरझारा घालत होत्या आणि दूधवाल्याला, शेजारणीला, कबुतरांना सूचना देत होत्या. भाचीला ते बघवेना. तिने त्यांना बालसंगोपनाच्या एका कोर्सला बसवलं. वर्गात सगळ्या विशीतल्या मुली आणि मागच्या बाकावर मावशी. शिकवणाऱ्या बाई फार छान बोलायच्या. लहान मुलांची खोली कशी ऊबदार हवी, उजेड डोळ्यांत घुसणारा नको, खेळण्यांचा ढीग नको, मऊ बसायला हवं, एखादा असा कोपरा हवा की दमलेल्या मुलाला तिथे शिरून बसता येईल, आणि मोठ्या माणसांचा आवाज मऊ हवा. शेवटचं वाक्य बोलताना त्यांनी मागच्या बाकाकडे पाहिलं, असं मावशींना वाटलं. पाहिलं नसेलही. कोर्सच्या शेवटच्या तासाला बाई आणखी काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या, पण तोवर मावशी कामाला लागल्या होत्या. वहीच्या कडेला त्या पडद्याच्या कापडाचं गणित मांडत होत्या.

कोर्स संपल्यावर मावशींना काम मिळालं ते पाळणाघर एका इमारतीच्या तळमजल्यावर होतं. पूर्वी तिथे फरश्यांचं दुकान होतं. दुकान गेलं, पण नमुन्याच्या फरश्या भिंतींवर तशाच राहिल्या, जमिनीपासून छतापर्यंत, प्रत्येक फूटभर वेगळी नक्षी. दिसायला मजेशीर, पण ऐकायला भयंकर. त्या खोलीत चमचा पडला तर भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटायचं, आणि एक मूल रडलं तर चार मुलं रडताहेत असं वाटून आणखी चार खरोखरच रडायला लागायची.

पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत, जरी त्या उंचीने मावशींच्या खांद्याला लागत होत्या. शांत बाई. त्यांनी मावशींना दोन-अडीच वर्षांच्या मुलांची ती खोली दाखवली आणि म्हणाल्या, "खोली तुमच्या ताब्यात. मुलं रमली पाहिजेत, माझं एवढंच म्हणणं आहे."

"रमतील की," मावशी म्हणाल्या, आणि ते फरश्यांवर आपटून असं परत आलं की दोघी दचकल्या.

तेव्हा मावशींनी ठरवलं, जे करायचं ते मुळापासून. भगभगीत ट्यूब बंद झाली आणि कागदी टोपीचे दोन पिवळे दिवे आले. घरातल्या जुन्या चादरींचे पडदे झाले आणि सगळ्यांत वाईट नक्षीच्या फरश्या आधी झाकल्या गेल्या. जमिनीवर सतरंज्या आल्या. अर्धी खेळणी माळ्यावर गेली. खुर्च्या सरकवल्या की किंचाळायच्या, म्हणून प्रत्येक खुर्चीच्या चारही पायांत नवऱ्याचे मोजे चढले. तो दोन दिवस कपाटापाशी उभा राहून विचार करत होता. तिसऱ्या दिवशी तो डबा द्यायला पाळणाघरात आला, खुर्च्यांकडे पाहिलं, स्वतःच्या पायांकडे पाहिलं आणि डबा ठेवून परत गेला.

मावशींचा सगळ्यांत लाडका होता तो कोपरा. फ्रिजच्या भल्यामोठ्या खोक्याचं त्यांनी घर केलं. एका बाजूने दार, एका बाजूने खिडकी, आत दोन उशा आणि एक जाड रजई. आत ऊब नीट होते की नाही हे बघायला म्हणून त्या स्वतः दारातून डोकं आणि खांदे घालून आडव्या झाल्या. डोळा कधी लागला कळलं नाही. जाग आली ती मोठ्या बाईंच्या आवाजाने. "मावशी, मुलं यायची वेळ झाली."

"चाचणी घेत होते," मावशी खोक्यातून म्हणाल्या.

पहिल्या दिवशी उजेड इतका मऊ झाला की मुलं घरी जाताना त्यांनी एका मुलाच्या पायांत दोन डावे बूट घातले आणि दुसऱ्याच्या पायांत दोन उजवे. दोघांच्याही आया दुसऱ्या दिवशी सकाळी एकदमच आल्या. मावशींनी एक दिवा वाढवला. पण खोटं कशाला बोला, खोली खरोखर निवली होती. चावणारा एक मुलगा होता, तो चावायचा थांबला. एक मुलगी दिवसभर इथून तिथे नुसती धावायची, ती खिडकीतून हात बाहेर काढून खोक्यात पडून राहू लागली. दुपारी पडदे ओढले की सगळी एकेक करून झोपायची आणि फरश्यांना परत पाठवायला आवाजच उरायचा नाही.

राहिला एक भोंगा. तो मावशींनी गिळला. गिळला म्हणजे कसा, तर त्या कुजबुजायला शिकल्या. आरशासमोर सराव करून करून घसा बसला, पण जमलं. स्वयंपाकाच्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही बोलता की मंत्र टाकता? मला मीठ हवंय की पीठ हवंय तेच कळेना." मावशींनी बोटाने मीठ दाखवलं.

अशा सगळ्या थाटात ती मुलगी आली.

मुलगी अडीच वर्षांची. पाठीला छोटी पिशवी, पायांत बूट. आली आणि दाराशी उभी राहिली. बूट काढू देईना, पिशवीला हात लावू देईना. रडत नव्हती. नुसती दाराकडे तोंड करून उभी, पिशवीचे पट्टे दोन्ही मुठींत घट्ट धरून. बसस्थानकावर अशी माणसं मावशींनी हजारो पाहिली होती. गाडी लागली आणि आपल्याला कळलंच नाही तर, या भीतीने ती बाकावर टेकत नाहीत, पाणी प्यायला जात नाहीत. मावशींनी मनातल्या मनात तिचं नाव 'प्रवासी' ठेवलं. इतकं बरोबर नाव ठेवून पुढे डोकं चालू नये, ही मावशींची खासियत.

प्रवाशाची आई रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करायची. ती मावशींना बाजूला घेऊन, मुलीकडे पाठ करून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "इतके दिवस हिची आजी सांभाळायची. माझ्या सासूबाई. खूप महिने अंथरुणावर होत्या. गेल्या महिन्यात गेल्या त्या. हिला आम्ही सांगितलंय की आजी गावाला गेली. हिच्यासमोर काही बोलू नका."

"नाही बोलणार," मावशी तितक्याच हळू म्हणाल्या.

"दोन पाळणाघरं झाली. कुठे जेवतच नाही. पुढच्या सोमवारी माझी रजा संपते, आणखी मिळणार नाही. माझ्या जागेवर बसायला एक मुलगी आत्ताच येऊन जाऊन असते."

जागेवर दुसरी बाई बसणं म्हणजे काय, हे त्यांना कुणी शिकवायला नको होतं. ही मुलगी रुळलीच पाहिजे, असं त्यांनी तिथल्या तिथे ठरवून टाकलं आणि त्या आईच्या कानाशी लागल्या. "काही काळजी करू नका. ती खेळण्याकडे बघायला लागली की मागच्या दाराने हळूच सटका. रडारड नको."

आई हळूच सटकली. प्रवाशाने वळून पाहिलं तर आई नव्हती. ती मागच्या दारापर्यंत गेली, बंद दार पाहिलं, परत पुढच्या दाराशी आली आणि पट्टे धरून उभी राहिली. जेवली नाही. झोपली नाही. खोक्याच्या घराकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. मावशी वाटी घेऊन जवळ गेल्या आणि कुजबुजल्या, "बाळा, भात खायचा ना?" तशी ती दोन पावलं मागे सरली आणि चारी बाजूंना बघू लागली. मावशींना वाटलं, आवाज अजून मोठा होतोय. त्यांनी आणखी हळू विचारलं. ती आणखी मागे गेली. होता होता मावशींचे नुसते ओठ हलायला लागले आणि मुलगी भिंतीला जाऊन टेकली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मावशींनी उशी बदलली, दिवा हलवला, खोक्याला दुसरी खिडकी पाडली, पडद्याचा रंग तिला आवडत नसेल म्हणून तोही बदलला. घरातल्या चादरी आता संपत आल्या होत्या. रोज सकाळी आईच्या कानात त्या नवी युक्ती सांगत, आणि रोज आई मागच्या दाराने निघून जाई.

कुजबुजायची सवय मावशींसोबत घरीही आली. एका संध्याकाळी त्या नवऱ्याजवळ जाऊन हळूच म्हणाल्या, "चहा टाकू का?" नवऱ्याच्या हातातला स्क्रू खाली पडला. भिंग काढून तो उभाच राहिला.

"कोण गेलं?" त्याने विचारलं.

"कुणी नाही. चहा विचारतेय."

"मग नीट विचार ना. तू हळू बोललीस की मला धडकी भरते. या घरात हळू कधी बोललोय आपण? आई गेली तेव्हा."

एवढं बोलून तो गुडघ्यांवर बसून स्क्रू शोधू लागला. मावशींनी चहा टाकला आणि ते बोलणं चहाबरोबर पिऊन टाकलं. शहाणपण दारात आलं तर त्याला पाट देऊन बसवावं, ही अक्कल मावशींना कधीच नव्हती.

शुक्रवार उजाडला. मोठ्या बाई मुलीकडे बघत मावशींना म्हणाल्या, "सोमवारी तिच्या आईला कामावर जायचंय. पण उपाशी मूल मी दिवसभर ठेवणार नाही, ते बरोबर नाही. आजही काही खाल्लं नाही तर संध्याकाळी त्यांना मला सांगावं लागेल, दुसरी सोय बघा म्हणून." त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनाही वाईट वाटत होतं, म्हणून तर मावशींना आणखी वाईट वाटलं.

जेवणाची वेळ झाली. बाकीची मुलं सतरंजीवर बसून भात कालवत होती. प्रवासी दाराशी. तेवढ्यात अंगणात तांदळाची पोती टाकायला टेंपो आला. पोती उतरवून ड्रायव्हर गाडी मागे घ्यायला लागला, आणि मावशींनी खिडकीतून पाहिलं की मागे बागेची बुटकी भिंत आहे, भिंतीवर कुंड्यांची रांग आहे, आणि ड्रायव्हर फोनवर बोलतोय.

पुढे जे झालं ते मावशींनी केलं असं म्हणता येणार नाही. ते आपोआप झालं. उमेदीच्या सगळ्या वर्षांचा आवाज एकदम बाहेर आला. "टेंपो चालक, गाडी मागे घेऊ नका. मागे भिंत आहे. गाडी पुढे घ्या."

टेंपो जागच्या जागी थांबला. रस्त्यावरून जाणारी एक रिक्षाही थांबली. खोलीतले पडदे, सतरंज्या, मोजे कशाचाही उपयोग झाला नाही. सगळ्या फरश्यांनी मिळून तो आवाज दोनदा परत दिला. दोन मुलं रडायला लागली. एकाने भाताची वाटी डोक्यावर उलटी केली. चावणारा मुलगा शेजारच्याला चावला. मावशी तोंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या. एवढ्या दिवसांच्या मेहनतीवर बोळा फिरवायला त्यांना एक टेंपो पुरला होता.

मग कुणीतरी त्यांची साडी ओढली. खाली पाहिलं तर प्रवासी. दार सोडून, खोली ओलांडून आली होती. मान वर करून ती मावशींच्या तोंडाकडे बघत होती, आणि आल्यापासून पहिल्यांदा तिने तोंड उघडलं.

"गाडी कुठे जाते?"

मावशींना सवय होती. कुणी विचारलं की सांगायचं. "ही गाडी तांदूळ उतरवून गिरणी, बाजार, जुना पूल मार्गे दुकानाकडे जाईल," त्या म्हणाल्या, केबिनमधल्या आवाजात, फक्त जरा बेताने.

मुलीने ते पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, "आई कुठे गेली?"

मावशी वाकल्या आणि कुजबुजायला लागल्या, "आई ना, बाळा..." मुलगी झटकन मागे सरली. पट्ट्यांवरच्या मुठी आवळल्या. तिने मागच्या दाराकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे, कित्येक दिवस उशिरा, मावशींची गाडी फलाटाला लागली. या मुलीच्या घरात महिनोन्‌महिने सगळे हळू बोलत होते आणि एक दिवस आजी नव्हती. इथे रोज सकाळी मावशी आईच्या कानात हळू बोलत होत्या आणि आई नव्हती. कुणी हळू बोललं की कुणीतरी नाहीसं होतं. जन्मभर सुटणारी प्रत्येक गाडी ओरडून सांगणाऱ्या बाईने रोज एक आई मागच्या दाराने गुपचूप पळवली होती. गाढवपणाचा याहून मोठा कळस बांधायला जागा नव्हती.

मावशी सरळ उभ्या राहिल्या, घसा खाकरला, पदर नीट केला.

"प्रवाशांनी लक्ष द्यावं. आई बाहेर गेली आहे. आई नाहीशी झालेली नाही. जेवण, झोप, दूध मार्गे आई परत येणार आहे. पहिला थांबा जेवण. मधला थांबा झोप. शेवटचा थांबा दूध. त्यानंतर आई."

सगळी मुलं गप्प झाली होती. वाटी डोक्यावर असलेला मुलगाही ऐकत होता. प्रवाशाने बोटं वर केली आणि हळूहळू मोजली. "जेवण. झोप. दूध. आई."

"बरोबर. मधे कुठे चुकायचं नाही."

ती सतरंजीवर बसली, पाठीवर पिशवी तशीच, आणि तिने भात खाल्ला. घाईने नाही. थांबा चुकू नये म्हणून नीट, शेवटच्या शितापर्यंत. दुपारी ती खोक्याच्या घरात शिरली आणि पिशवीसकट, बुटांसकट झोपली. दूध प्यायली आणि दाराशी जाऊन उभी राहिली. दार उघडलं आणि आई आली. मुलगी आईकडे धावली नाही, आधी मावशींकडे वळून बघितलं. वेळेवर आलेल्या गाडीतून उतरताना माणसं कधीकधी केबिनकडे बघून मान हलवायची, तसं.

मुलगी जेवली हे ऐकून आई खालीच बसली. मावशींनी मागच्या दाराचंही सांगून टाकलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "आईवडिलांनी निरोप घेऊन जावं, चोरून जाऊ नये, हे कोर्सला शिकवतात ना, मावशी? मला वाटलं, तुम्ही सांगतच असाल त्यांना."

"शेवटच्या तासाला सांगितलं असणार," मावशी म्हणाल्या. "मी पडद्याचं कापड मोजत होते."

मोठ्या बाईंनी पडद्यांकडे पाहिलं. हसू दाबायला त्यांना बराच वेळ लागला.

सगळं इथेच संपलं असतं तर मावशींनी मिशा नसताना मिशांवर ताव दिला असता. पण निघता निघता मुलीने मावशींचा हात धरला. सगळ्या गाड्या ज्यांना माहीत असतात, अशा बाईला विचारायचं ते तिने विचारलं.

"आजीची गाडी कधी येणार?"

मावशींनी तोंड उघडलं आणि आवाजच आला नाही. वीज जाऊन बंद पडला नव्हता तो आवाज बंद पडला. त्यांनी आईकडे पाहिलं. आई घाईघाईने पुढे झाली आणि मावशींच्या कानाशी येऊन म्हणाली, "सांगा ना, गावाला गेलीय म्हणून. तिला नाही कळायचं." मुलीची मूठ पट्ट्यावर आवळली गेली. मावशींनी ते पाहिलं.

"ताई," त्या म्हणाल्या, आणि आता त्या कुजबुजल्या नाहीत, "माझी नोकरी गेली ना, तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, मला सोडून. मी नव्या कुलपाला जुनी किल्ली लावून झटत बसले होते. लोक बघत होते. नोकरी जाण्याचं विसरले मी, पण त्या किल्लीचं नाही विसरत. हिला वाट बघत ठेवू नका. आणि हे मी सांगायचं नाही. हे तुमचं आहे."

आईने पर्स खाली ठेवली. मग ती मुलीसमोर गुडघ्यांवर बसली. पहिले शब्द हळूच आले, आणि मुलगी मागे सरायला लागली. आईने तिचे दोन्ही हात धरले आणि नेहमीच्या, सगळ्यांना ऐकू येणाऱ्या आवाजात सांगितलं.

"आजी गावाला नाही गेली. आजी खूप आजारी होती आणि मरण पावली. ती आता परत येणार नाही. मला पण तिची फार आठवण येते. पण मी येणार. मी रोज परत येणार."

मुलीने विचारलं, "आजी, जेवण झोप दूध झाल्यावर पण नाही?"

"नाही. झाल्यावर पण नाही."

मग ती रडली. आल्यापासून पहिल्यांदा, अगदी मोठ्याने, आणि आईही रडली, आणि फरश्यांनी काही झाकून ठेवलं नाही. दोघी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून बसल्या होत्या. नंतर आईने तिला उचललं आणि घरी नेलं.

सोमवारी त्या दोघी पुढच्या दाराने आल्या. आईच्या अंगावर प्रयोगशाळेचा पांढरा कोट होता. तिने मुलीचा पापा घेतला आणि जरा लाजत, पण स्पष्ट आवाजात म्हणाली, "मी कामावर जातेय. जेवण, झोप, दूध मार्गे येणार." मुलीने मान हलवली. आई गेली, पुढच्या दाराने, सगळ्यांसमोर. मुलगी दार बंद होईपर्यंत बघत राहिली. मग तिने एका खांद्यावरून पट्टा काढला, दुसऱ्या खांद्यावरून काढला आणि पिशवी खुंटीला अडकवायला मावशींच्या हातात दिली.

पिशवी अगदी हलकी होती. आत एक चड्डी आणि एक रुमाल. मावशींनी ती खुंटीला लावली आणि त्यांना काही सुचेना. मुलांसमोर रडायचं नाही, असं कोर्सला सांगितलं होतं. तो तास त्यांनी ऐकला होता. दमलेल्या जीवाने शिरून बसावं म्हणून जो कोपरा त्यांनी केला होता, तिथे त्या गेल्या. डोकं आत घातलं, खांदे आत घातले, बाकीचं मात्र दारातच अडकलं. आत जाता येईना की बाहेर निघता येईना. अर्ध्या खोक्यात आणि अर्ध्या खोक्याबाहेर अशा अवस्थेत भोंगा मुसमुसून रडला.

खोक्याच्या खिडकीतून एक डोकं आत आलं. प्रवाशाने थोडा वेळ मावशींचं निरीक्षण केलं.

"रडू नको," ती म्हणाली, मोठ्याने, एकेक शब्द सुटा करून. "जेवण. झोप. दूध. मग तुझी आई येणार." मग तिला काहीतरी आठवलं. तिने मावशींचे पांढरे केस नीट पाहिले आणि विचारलं, "तुझी पण नाही येणार?"

"नाही," मावशी म्हणाल्या. "माझी पण नाही."

मुलीने यावर विचार केला. मग खिडकीतून हात आत घालून तिने मावशींच्या डोक्याखाली उशी सारली, रजई अंगावर ओढता येईल तेवढी ओढली, आणि मोठ्या बाईंना हाका मारायला गेली, कारण मावशी अडकल्या होत्या.